विषय: पाहुण्यांना चीजस्टेक खायला त्या चौकात न्यावं का?

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताई, दाजी आणि भाचा साताऱ्याहून येताहेत. भाच्याने यादी आधीच पाठवली आहे. त्यात फिलाडेल्फियाला एक दिवस आहे आणि लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेच्याही वर त्याने चीजस्टेक, म्हणजे लांब पावात घातलेलं परतलेलं बीफ आणि चीज, लिहिलंय. पॅट्स आणि जीनोज ही त्यासाठी गाजलेली, एकाच चौकात समोरासमोर असलेली दोन दुकानं. ही दोन्ही नावं व्हिडिओ बघून बघून त्याला पाठ झाली आहेत.

मी इथे नऊ वर्षं आहे, पण त्या चौकात कधी गेलेलो नाही. आमच्या घरी बीफ येत नाही. भाचा खातो, त्याने आईला तसं स्पष्ट सांगितलंय आणि ताईने "तुझं तू बघ" म्हणून विषय संपवलाय. पण ताई माळकरी आहे. त्या दिवशी ती आमच्याबरोबरच असणार.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून सव्वा-दीड तासाचा प्रवास, मग पार्किंग, मग रांग, आणि पंधराएक डॉलरचं एक सँडविच. एवढं करून जाण्याजोगं आहे का? की शहरात दुसरीकडे याहून चांगलं मिळतं? ज्यांनी स्वतः खाल्लंय त्यांनी लिहावं. आणि ताई उपाशी राहू नये, त्याचंही काही सुचवा.

स. भि., एडिसन

*

एडिसनकर,

जरूर न्या. मी १९९१ ते १९९८ साउथ फिलाडेल्फियात राहिलो, त्या चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवर. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आधी जागा समजून घ्या. नववा रस्ता, व्हॉर्टन रस्ता आणि पॅशंक अ‍ॅव्हेन्यू तिथे एकमेकांना तिरके कापतात, म्हणून मध्ये तिकोनी तुकडे पडलेत. एका तुकड्यावर पॅट्स, समोर जीनोज. (स्पेलिंग वेगळं दिसतं, पण म्हणायचं पॅशंक. हा उच्चार मला माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवला.)

पॅट ऑलिव्हिएरी आणि त्याचा भाऊ हॅरी, इटलीहून आलेल्या कुटुंबातली पोरं, तिथे हॉट डॉग विकायची. १९३० साली एके दिवशी त्यांनी स्वतःच्या जेवणासाठी थोडं बीफ आणलं, तव्यावर कांद्याबरोबर परतलं आणि इटालियन पावात घातलं. तिथले लोक सांगतात की वासाने एक टॅक्सीवाला थांबला आणि हॉट डॉग राहू दे, मला हेच दे म्हणाला. पुढे टॅक्सीवाल्यांनीच ते गावभर नेलं. मंदीचे दिवस होते, गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्यांना हातात धरून उभ्याने खाता येईल असं गरम जेवण हवं होतं. ते त्यांना मिळालं.

लक्षात घ्या, यात चीज अजून आलेलंच नाही. चीज आलं १९४० च्या दशकात, पॅट्सच्याच रिज अ‍ॅव्हेन्यूवरच्या शाखेत, आणि ते होतं प्रोव्होलोन हे इटालियन चीज. बाटलीतलं पिवळं पातळ 'चीज व्हिझ' हे क्राफ्ट कंपनीने बाजारात आणलं तेच मुळी १९५० च्या दशकात. तेव्हा "व्हिझ घातलं तरच अस्सल" असं कुणी भाच्याला सांगितलं तर त्याने मानू नये. मला स्वतःला प्रोव्होलोन आवडतं, कारण त्याला थोडा तिखटसर कडकपणा असतो आणि मांसाची चव त्याखाली दबत नाही. व्हिझचं काम वेगळं. ते वितळवून तयारच ठेवलेलं असतं, पावाला आतून लेपासारखं लागतं आणि खारट असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने व्हिझच घ्यावं असं मी तरी सांगेन, कारण त्या चौकाची ती चव आहे आणि दुसरीकडे ती मुद्दाम शोधली जात नाही.

ऑर्डर देताना दोनच गोष्टी सांगायच्या, कोणतं चीज आणि कांदा हवा की नको. "व्हिझ विट" म्हणजे व्हिझ आणि कांदा. कांदा नको तर "विटाउट". रांगेतच ठरवून ठेवा, पैसे हातात ठेवा, रोख जवळ असू द्या. पॅट्सला सँडविच एका खिडकीवर मिळतं, पेय आणि फ्राइज शेजारच्या खिडकीवर. २००३ साली अध्यक्षपदाच्या प्रचारात जॉन केरी पॅट्सला आले आणि त्यांनी स्विस चीज मागितलं, त्याची देशभर बातमी झाली होती. इतका या गावाचा त्यात जीव आहे.

जीनोजबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६६ साली जोई व्हेंटो यांनी ते दुकान काढलं. तिथे २००६ च्या सुमारास एक पाटी फार गाजली. हा अमेरिका देश आहे, ऑर्डर इंग्रजीत द्या, अशा अर्थाची. त्याच वर्षांत नवव्या रस्त्यावर मेक्सिकोतल्या प्वेब्लाहून आलेली कुटुंबं स्थिरावत होती. शहराच्या मानवी हक्क आयोगापर्यंत ते प्रकरण गेलं, २००८ मध्ये पाटीच्या बाजूने निकाल लागला. २०१६ मध्ये जोईंच्या मुलाने ती पाटी काढली. ती असेपर्यंत मी रस्त्याच्या अलीकडे, पॅट्सलाच खात होतो, पाटी गेल्यावर पलीकडे जाऊन जेवलो. ऑलिव्हिएरी असोत, व्हेंटो असोत की आपण, सगळ्यांच्या घरात कुणीतरी कधीतरी मोडकं इंग्रजी बोलत या देशात उतरलेलं आहे. भाच्याला ही गोष्ट सांगा. तो चौक बघताना उपयोगी पडेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत असं की चीजस्टेकचा निकाल पाव लावतो. मांस बहुतेक ठिकाणी रिब-आय, म्हणजे बरगडीजवळचंच असतं, पातळ कापलेलं, आणि तेवढी चरबी असलेलं मांस तापल्या तव्यावर सहसा वाया जात नाही. फरक पडतो तो पावात. मऊ हवा, म्हणजे रस आत मुरतो. पण सालीला थोडी चिवट ताकद हवी, नाहीतर चौथ्या घासाला तळ फाटतो आणि सगळं कागदात उतरतं. अमोरोसो ही १९०४ पासूनची बेकरी, आता त्यांचं काम न्यू जर्सीत बेलमॉरला चालतं. त्यांचा पाव गावातल्या कितीतरी दुकानांत जातो आणि तो या मऊ बाजूचा. दुसरी तऱ्हा म्हणजे तीळ लावलेला, जास्त भाजलेला पाव. मला तो उजवा वाटतो.

त्यासाठी जॉन्स रोस्ट पोर्कला जा. स्नायडर अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्व टोकाला, डेलावेअर नदीकडच्या बाजूला, रेल्वे रूळ आणि गोदामांच्या मध्ये ते बसकं दुकान आहे. तेही १९३० चंच. २००६ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातल्या नावाजलेल्या संस्थेचा अमेरिकाज क्लासिक्स हा सन्मान मिळाला. नावात रोस्ट पोर्क असलं तरी चीजस्टेक फार सुंदर करतात. प्रत्येक सँडविचचं मांस तिथल्या तिथे तव्यावर पडतं, त्यामुळे वेळ लागतो. थांबायची तयारी ठेवा, आणि निघण्यापूर्वी दुकानाची वेळ तपासा, ते मुख्यतः दिवसाचं दुकान आहे.

एका गाजलेल्या दुकानात (नाव लिहीत नाही, एका दिवसावरून कुणाला नावं ठेवू नयेत) मी एकदा पाऊण तास उभा राहिलो आणि हातात आलं ते कोमट. मांस आधी परतून कडेला ढीग करून ठेवलेलं होतं. तेव्हापासून मी ऑर्डर देण्याआधी तव्याकडे बघतो. ढीग सुकलेला दिसला तर निघतो, ताजं मांस सळसळत असेल तर थांबतो. तुम्हीही तेवढं बघा.

मग चौकात जायचंच कशाला? मी सांगतो. २००९ च्या जुलैत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन फिलाडेल्फियात झालं. रात्री कार्यक्रम संपल्यावर आम्ही सहा जण एका व्हॅनमधून तिथे गेलो. एक वाजून गेला होता. दोन्ही दुकानांचे दिवे इतके लख्ख की वर्तमानपत्र वाचावं, रांगेत नर्सेस, लग्नाहून आलेली मंडळी, एक पोलीस, झब्बे आणि पैठण्या घातलेले आम्ही. बाकांवर सगळे खांद्याला खांदा लावून खात होते. ते सँडविच माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम होतं का? नव्हतं. पण त्या सहापैकी दोघे आता राहिले नाहीत आणि ती रात्र मला रोज आठवते.

वि. ना., एक्स्टन

*

काका, तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. त्या व्हॅनमध्ये मीही होते.

एडिसनकर, तुमच्या ताईंबद्दल लिहिते. मी बीफ खात नाही, माझे यजमान आणि मुलं खातात, आणि तीस वर्षांत आमच्याकडे यावरून भांडण झालेलं नाही. मी त्या बाकावर बसले आहे. वास तीव्र असतो, तव्याचा धूर अंगावर येतो, कपड्यांत राहतो. ताई माळकरी आहेत म्हणजे त्यांना ते जड जाईल. त्यांना आधी सांगा आणि बळेच बसवू नका. त्या चौकातून नवव्या रस्त्याने उत्तरेला वळलं की इटालियन मार्केट सुरू होतं. भाज्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला, वर पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या छपऱ्या, टोमॅटो, वांगी, मिरच्या हाताने निवडून घेता येतात. साताऱ्याच्या मंडईची आठवण येईल त्यांना. डी ब्रूनो ब्रदर्स हे १९३९ पासूनचं चीजचं दुकान तिथेच आहे. मुलं खात असतील तेवढा वेळ त्यांना तिकडे फिरवा.

चिकन खाणाऱ्यांसाठीही एक सांगते. साउथ स्ट्रीटवरचं इश्काबिबल्स चिकन चीजस्टेकसाठी प्रसिद्ध आहे. पण कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारा: चिकन आणि बीफ एकाच तव्यावर होतं का? बहुतेक ठिकाणी होतं. ज्याला चालतं त्याला चालतं, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे कुणी सांगत नाही आणि नंतर कळल्यावर त्यांना वाईट वाटतं. शांतपणे विचारलं की दुकानदार नीट सांगतात, तव्याची वेगळी बाजूही वापरतात कुणी कुणी.

मी घरी करते. चिकनची मांडी बिनहाडाची, तासभर फ्रीझरमध्ये. पूर्ण गोठू द्यायची नाही, दाबलं तर किंचित आत जाईल इतपत. मग धारदार सुरीने कागदासारखे काप निघतात. बिडाचा तवा चांगला तापवून आधी कांदा, तो कडेला सारून मग चिकन, मीठ, मिरपूड. काप एकमेकांवर रचायचे नाहीत, नाहीतर पाणी सुटून ते उकडतं. वर प्रोव्होलोनच्या दोन चकत्या, त्यावर उघडलेला पाव उलटा ठेवायचा अर्धा मिनिट, म्हणजे वाफेने पाव मऊ होतो आणि चीज त्याला चिकटतं. मग खालून उलथनं घालून सगळं एकदम उलटं करायचं. याच कृतीत चिकनऐवजी मोठे पोर्टोबेलो मशरूम घालते तेव्हा माझ्या शाकाहारी मैत्रिणी दोन-दोन खातात. ताई मशरूम खात असतील तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, चेरी हिल वाटेत आहे.

अ. जो., चेरी हिल

*

काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही, म्हणून लिहितो.

चकत्या की बारीक, हा मुद्दा काकांनी सोडून दिला. त्या चौकात जीनोजला मांस चकत्यांसारखंच राहतं. रॉक्सबरोमधल्या डॅलेसँड्रोज या दुकानात (१९६० पासून, हेन्री अ‍ॅव्हेन्यूवर) तव्यावरच कालथ्याने सटासट तोडून अगदी बारीक करतात, जवळजवळ खिम्यासारखं, आणि चीज त्यातच कालवतात. त्यामुळे प्रत्येक घासात सगळं सारखं येतं. चकत्यांच्या सँडविचात पहिल्या घासाला अख्खी पट्टी ओढून येते आणि उरतो पाव. मी खिमा-पाव खात मोठा झालोय, माझी जीभ तिकडे जाणार हे मान्य, पण चीज आणि मांस एकजीव व्हायला हवं हे मी मनापासून म्हणतो. आणि तिथे मऊ पावच हवा. तीळवाला कडक पाव बारीक मांसाला मानवत नाही, सगळं बाजूंनी निसटतं. तेव्हा पाव निकाल लावतो हे खरं, पण कोणता पाव ते आत काय आहे त्यावर ठरतं.

दुसरं, एक योगायोग. काकांनी जीनोजचं साल १९६६ लिहिलं. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापावची गाडी लावली तेही साल १९६६ च सांगतात. मी दादरचा. गिरणीतून सुटलेला कामगार आणि गोदीतून सुटलेला कामगार, दोघांनाही पावात घातलेलं गरम काहीतरी हातात हवं होतं. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, यांचा इटलीहून. भाच्याला हे सांगितलंत तर त्याला मजा वाटेल.

पार्किंगचं म्हणाल तर वीकेंडला त्या चौकाजवळ गाडी लावायच्या फंदात पडू नका. गाडी सेंटर सिटीत, म्हणजे शहराच्या मध्यभागात ठेवा, ब्रॉड स्ट्रीट लाइन या सबवेने एल्सवर्थ-फेडरल स्टेशनला उतरा आणि पूर्वेला चालत या. दहा-बारा मिनिटं लागतात. डॅलेसँड्रोजला मात्र गाडीच लागते.

नि. सा., कॉन्शोहॉकन

*

नमस्कार,

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

लिबर्टी बेल सकाळी लवकर उरकली. मग सबवेने एल्सवर्थ-फेडरल, तिथून चालत. साडेदहाला पॅट्सच्या रांगेत आमच्या पुढे सतरा जण होते, मी मोजले. पंधरा मिनिटांत खिडकीशी पोहोचलो. भाच्याने रांगेत "व्हिझ विट" चार वेळा पुटपुटून पाहिलं आणि खिडकीशी नेमकं तेवढंच बोलला. आतल्या माणसाने मान हलवली आणि अर्ध्या मिनिटात सँडविच हातात. पोराच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यासाठी मी दीड तास काय, पाच तास गाडी चालवली असती.

गरम होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी तव्याकडे बघितलं, ताजं मांस पडत होतं. भाचा म्हणाला, खारट आहे, मऊ आहे, व्हिझ मला वाटलं होतं त्यापेक्षा सौम्य आहे, आणि शेवटी शेवटी पाव ओला झाला. कडेच्या टेबलावरच्या तिखट लाल मिरच्या त्याने वरून घेतल्या आणि मग म्हणाला, "मामा, आता जमलं." समोरच्या जीनोजची रांग, पाटीची गोष्ट, टॅक्सीवाल्याची गोष्ट, सगळं त्याला बाकावर बसूनच सांगितलं. त्याने पाटी कुठे होती ते जाऊन बघून यायचं ठरवलं आणि गेलाही.

ताई सुरुवातीला दाजींबरोबर मार्केटात गेली. अर्ध्या तासाने परत आली ती पिशवीभर टोमॅटो आणि लांब हिरव्या मिरच्या घेऊन. एका मेक्सिकन बाईंकडून घेतल्या म्हणाली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिला स्पॅनिश येत नव्हतं, तरी तिखट किती ते दोघींनी हाताने एकमेकींना सांगितलं. मग ती स्वतःहून आमच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली, डबा उघडला आणि थालीपीठ खाल्लं. मी विचारलं, वास सहन होतो ना? म्हणाली, "पोरगं खातंय, मी काय लांब बसू?" एवढंच.

तिथून टॅक्सी करून जॉन्सला गेलो. हा खर्च वाढला, पण काकांचं पत्र भाच्याने वाचलं होतं, तो ऐकणार नव्हता. तिथे चाळीस मिनिटं लागली. एकच सँडविच घेतलं, प्रोव्होलोन आणि कांदा घालून. त्यातला एक घास मी खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदाच. तो अनुभव इथे लिहायचा की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. लिहितोय, कारण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला मिळालं पाहिजे होतं. पाव खरोखर वेगळा आहे. तीळ दाताखाली फुटतात, साल कुरकुरते, आतला भाग रस पिऊन घेतो आणि तरी शाबूत राहतो. पुन्हा खाईन असं वाटत नाही, घरची सवय मोडायची नाही, पण काका का भांडतात ते कळलं.

तेव्हा माझा निकाल. पहिल्यांदा येणाऱ्याला चौकात न्यावं, सकाळी अकराच्या आत न्यावं, आणि तिघांत एक घ्यावं, म्हणजे पोटात दुसऱ्या दुकानासाठी जागा राहते. फक्त उत्तम चीजस्टेक खायचं असेल आणि एकाच ठिकाणी जाता येत असेल, तर जॉन्स. डॅलेसँड्रोज राहिलं. भाचा त्यावरून अजून हळहळतोय, पुढच्या शनिवारी कॉन्शोहॉकनकरांनी वेळ काढला तर त्यांच्याबरोबर पाठवीन.

चेरी हिलच्या ताई, संध्याकाळी तुमच्याकडे पोर्टोबेलोचे दोन तुकडे ताईने खाल्ले आणि कृती लिहून घेतली, हे तुम्हाला माहीतच आहे. माहीत नाही ते सांगतो. मार्केटातून फिरताना तिने सारकोनीज या १९१८ पासूनच्या बेकरीतून तीळ लावलेला एक लांब पाव घेतला होता, आमच्यापैकी कुणालाही न सांगता. रविवारी सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात त्याचे काप तव्यावर तुपात परतले जात होते आणि शेजारी त्या लांब मिरच्यांचा ठेचा वाटलेला होता. अर्धा पाव दाजींनी एकट्याने संपवला. उरलेला आज सकाळपर्यंत होता.

स. भि., एडिसन